ताणून दुखावलेले ताणून बरे होत नाही

क्रिकेटपटूच्या मांडीमागचा स्नायू दुखावला की देशभर बातमी होते. इजा कितव्या श्रेणीची, विश्रांती किती आठवड्यांची, परतण्याआधी चाचणी कोणती, हे शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. चेन्नईत मार्गळीच्या हंगामात सभांमागून सभा नृत्याचे कार्यक्रम होतात. तिथल्या एखाद्या नर्तिकेचा तोच हॅमस्ट्रिंग दुखावला, तर तिच्या वाट्याला बहुधा एकच सल्ला येतो: ‘आखडले आहे, अजून ताण.’ हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का, हे कळायला लागणारे विज्ञान मुळीच नवे नाही.

स्वीडनमधील कार्ल आस्कलिंग आणि सहकाऱ्यांनी 2007 साली 15 व्यावसायिक नर्तकांच्या इजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे नर्तक धावताना किंवा उडी मारताना जायबंदी झाले नव्हते. सावकाश ताण घेताना त्यांचा स्नायू गेला होता. बहुतेकांची इजा बैठकीच्या हाडाजवळ, कंडरेच्या मुळाशी होती. आरंभीची लक्षणे सौम्य, म्हणून फसवी. वेगाने धावताना दुखावलेल्या धावपटूंची अवस्था पहिल्या दिवसांत कितीतरी वाईट होती. तरीही पूर्वपदावर यायला त्यांना लागलेला मध्यक काळ 16 आठवडे होता, तर नर्तकांचा 50. कमी दुखले म्हणून लवकर बरे होईल, हा हिशेब इथे साफ उलटा पडतो. आणि ऐन हंगामात नेमका हाच हिशेब केला जातो.

ताणल्याने स्नायू ‘लांब होतो’, ही समजूत त्याहून चिवट आहे. कणकेचा गोळा ताणून धरला तर हातातला विरोध हळूहळू मावळतो. स्नायू व कंडराही काही अंशी तशाच वागतात. ताण धरून ठेवला की काही सेकंदांत त्यांचा विरोध घटतो. मात्र हा परिणाम तात्पुरता असतो, थोड्या वेळाने ऊती पूर्ववत होतात. काही आठवड्यांच्या सरावाने पाय अधिक वर जाऊ लागतो, त्याचे मोठे कारण मज्जासंस्था तेवढा ताण सहन करू लागते हे आहे. वेदनेचा इशारा उशिरा येऊ लागतो. धडधाकट शरीराला हे चालते. फाटलेल्या कंडरेच्या बाबतीत इशारा दाबणे म्हणजे धूर दिसतो म्हणून खिडकी लावून घेणे. त्यातच कंबरेतून खोल वाकले की कंडरेचे मूळ हाडावर दाबले जाते, म्हणजे ज्या जागी भरून यायचे तिथेच ताणाच्या जोडीला दाबही येतो.

मग गेलेली लवचिकता परत कशी यावी? बळातून. स्नायू लांबत असतानाच त्याच्याकडून भार पेलून घ्यायचा, वेदनेच्या अलीकडे थांबायचे, आणि हळूहळू भार व आवाका वाढवायचा. आस्कलिंग यांनीच 2013 साली 75 स्वीडिश फुटबॉलपटूंवर ही पद्धत रूढ व्यायामांशी ताडून पाहिली: परतण्याचा सरासरी काळ 51 दिवसांवरून 28 वर आला. हे फुटबॉलपटू होते, नर्तक नव्हेत, हे खरे. पण म्हणूनच असा प्रयोग चेन्नईत व्हायला हवा. नृत्यसंस्था, रुग्णालये आणि आयआयटी एकाच शहरात असलेली ठिकाणे जगात किती असतील?

बॅले या शहराला सर्वस्वी परका नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी आधी क्लिओ नॉर्डी यांच्याकडे बॅलेचे धडे घेतले. 1936 मध्ये स्थापन झालेले कलाक्षेत्र ही त्यानंतरची गोष्ट. चंद्रलेखा यांनी भरतनाट्यम, योग आणि कळरिपयट्टू एकत्र आणून याच शहरात शरीराला नव्या मर्यादांपर्यंत नेले. मर्यादा पुढे सरकल्या. त्या ओलांडताना काय मोडते याची मोजदाद मात्र त्या वेगाने सरकली नाही.

‘आमच्या परंपरेत असेच करतात’ हे उत्तर तर परंपरेवरच अन्याय करते. अलारिप्पूची सुरुवात डोळे, मान, खांदे यांपासून होते, पाय उंच फेकण्यापासून नाही. प्रत्येक अडवू तीन काळांत बसवला जातो: विलंब, मध्य, द्रुत. पुनर्वसनाच्या तज्ज्ञाला याहून चांगली भाराची पायरी सहज सुचणार नाही. आस्कलिंग यांची परतीची चाचणी हेच विचारते: दुसऱ्याने पाय उचलून दिला तर तो कुठवर जातो हे पुरेसे नाही, स्वतःच्या बळाने, वेगाने उचलताना मनात धास्ती उरते का? कित्येकदा पहिल्या चाचणीत दोन्ही पाय सारखे भरतात आणि दुसरीत दुखरा पाय कचरतो. नर्तिका पहिल्या काळात निर्वेध नाचली म्हणून तिला हंगामाची तारीख देणारे आयोजक, गुरू आणि पालक तिसऱ्या काळाची वाट पाहायला तयार नसतात. तारीख मात्र पत्रिकेत आधीच छापलेली असते.