पिल्लाचा रिपोर्ट मागा ना राव!

हापिसातला एक मित्र सध्या जॅक रसेलचं पिल्लू शोधतोय. रंग, भाव, केनेल क्लबचा कागद, सगळं विचारून झालं. आईबापांची डीएनए टेस्ट? "कुत्र्यांची?" म्हणून हसला.

हसण्यासारखं नाहीये. टेरियर जातींत डोळ्यातलं भिंग धरून ठेवणारे तंतू आपसूक तुटायचा एक आनुवंशिक आजार आहे. भिंग सुटून पुढे आलं की डोळ्यातला दाब वाढतो, भयंकर दुखतं, उपचाराला उशीर झाला तर नजर जाते. गोची अशी, की हे होतं साधारण ३ ते ८ वर्षांच्या वयात. तोवर त्या कुत्र्याची पिल्लं विकूनही झालेली असतात. रिलीजनंतर सापडणारा बग, दुसरं काय!

यातला दोषी जनुक (एडीएएमटीएस१७) २०१० मध्ये सापडला. गालातून बोळा फिरवून टेस्ट होते. दोन वाहकांची जोडी लावली तर प्रत्येक पिल्लाला २५ टक्के धोका. म्हणून वाहकाला बाद करायचं कारण नाही, जोडीदार निर्दोष हवा, बास. (बारावीचं बायोलॉजी... असो.)

ब्रीडरला शिव्या सगळेच देतात. पण हजारो रुपये मोजणारं गिऱ्हाईक रिपोर्ट मागतच नाही, तर तो टेस्टचा खर्च कशाला करेल? मित्राने काल दोघांना फोन लावला. एकाने मध्येच कट केला. दुसरा म्हणाला, "टेस्टचं नाव परत सांगा, लिहून घेतो."