निवृत्तीनंतरचा आरोग्यविमा : पूरक कवच घेण्याआधी

सेवानिवृत्तीचा दिवस जवळ येऊ लागला की घरोघरी हिशेब मांडले जातात. प्रॉव्हिडंट फंड किती मिळेल, ग्रॅच्युइटी किती येईल, घराची डागडुजी कधी करावी, मुलांच्या लग्नासाठी किती रक्कम बाजूला ठेवावी, याची चर्चा महिनोन्‌महिने चालते. या सर्व चर्चेत एक विषय मात्र बहुधा राहून जातो. नोकरीच्या काळात कंपनीने घेतलेला सामूहिक आरोग्यविमा बहुतेक खाजगी आस्थापनांत नोकरीबरोबरच संपतो. ज्या वयात रुग्णालयाची पायरी चढण्याचा संभव वाढतो, नेमक्या त्याच वयात डोक्यावरचे छत्र निघून जाते.

आपल्या धर्मप्रांतातील कितीतरी कुटुंबांत मिळवत्या पिढीने तीस-पस्तीस वर्षे सकाळची लोकल पकडून मुंबईत नोकरी केली. ती पिढी आता निवृत्त होत आहे. तिची मुले पुष्कळदा परदेशी आहेत, शेतीवाडीचे उत्पन्न पूर्वीसारखे राहिलेले नाही, आणि एका हृदयशस्त्रक्रियेचे बिल काही लाखांच्या घरात जाते. अशा वेळी ‘कमी हप्त्यात वीस लाखांचे संरक्षण’ अशी जाहिरात वाचून अनेक जण पूरक विमा, म्हणजेच टॉप-अप किंवा सुपर टॉप-अप पॉलिसी, घेऊन मोकळे होतात. हा विमा उपयुक्त आहे याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु तो कशाला पूरक आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आमच्या मते निवृत्तांच्या आरोग्यविम्याचे सारे मर्म या एका प्रश्नात आहे.

पूरक विमा म्हणजे काय?

पूरक पॉलिसीत एक ठरावीक मर्यादा असते. तिला विमा कंपन्या ‘डिडक्टिबल’ म्हणतात. त्या मर्यादेपर्यंतचा खर्च ही पॉलिसी देत नाही, त्यावरचा देते. पहिला भार कंपनीवर नसल्यामुळेच तिचा हप्ता कमी असतो. तो मर्यादेपर्यंतचा खर्च आपण दुसऱ्या पॉलिसीतून भागवला की स्वतःच्या खिशातून, याच्याशी तिला कर्तव्य नसते.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप या दोन्हींत महत्त्वाचा भेद आहे. समजा, एखाद्या गृहस्थाची मूळ पॉलिसी ५ लाख रुपयांची आहे आणि पूरक पॉलिसीची डिडक्टिबल मर्यादाही ५ लाखांची आहे. एकाच वर्षात त्यास दोनदा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पहिले बिल ४ लाखांचे झाले, दुसरे ३ लाखांचे. मूळ पॉलिसीतून एकूण ५ लाख मिळतील. उरलेल्या २ लाखांचे काय? साधी टॉप-अप पॉलिसी प्रत्येक बिल स्वतंत्रपणे मोजते. दोन्हींपैकी एकही बिल ५ लाखांच्या वर गेलेले नाही, म्हणून ती काहीच देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षभरातील बिलांची बेरीज करते. ती ७ लाख भरते, म्हणून वरचे २ लाख ती देईल. वृद्धापकाळी आजार एकदाच येऊन जात नाही, तो पुनःपुन्हा येतो. म्हणून ज्येष्ठांनी पूरक विमा घ्यायचाच असेल तर सुपर टॉप-अप घ्यावा, हे उघड आहे.

आता खरी अडचण पाहू. नोकरीत असताना अनेकांनी कंपनीच्या ५ लाखांच्या सामूहिक विम्यावर स्वतःची सुपर टॉप-अप पॉलिसी घेतलेली असते. निवृत्तीच्या दिवशी कंपनीचा विमा जातो, पूरक पॉलिसी राहते. कागदावर वीस लाखांचे संरक्षण दिसत असते, परंतु पहिल्या ५ लाखांचा खड्डा कोणी भरायचा? ज्येष्ठांना रुग्णालयात नेणारे नेहमीचे प्रसंग, जसे मोतीबिंदू, हर्निया, न्यूमोनिया, पडून झालेला अस्थिभंग, हे बहुधा याच पहिल्या ५ लाखांत मोडतात. तळमजला नसलेल्या इमारतीचा हा दुसरा मजला होय.

यावर दोन मार्ग आहेत. एक, लहानशी का होईना, स्वतःच्या नावाची मूळ पॉलिसी ठेवावी आणि तिच्या विमारकमेइतकीच मर्यादा असलेला सुपर टॉप-अप तिच्यावर घ्यावा. दुसरा, मूळ पॉलिसी मिळतच नसेल किंवा तिचा हप्ता झेपत नसेल, तर डिडक्टिबलएवढी रक्कम बँकेत स्वतंत्र मुदत ठेवीत ठेवून तिला अन्य कारणासाठी हात लावू नये. या दोहोंपैकी एकही न करता केवळ पूरक पॉलिसीवर विसंबणे धोक्याचे आहे.

वेळ केव्हा साधावी?

विमा कोणता, या प्रश्नाइतकाच तो केव्हा घ्यावा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नव्या पॉलिसीत अपघात वगळता पहिले ३० दिवस सामान्यतः संरक्षण नसते. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे सांधे बदलणे अशा ठरावीक उपचारांना त्याहून मोठा प्रतीक्षाकाळ असतो. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या नियमांनुसार ४८ महिन्यांवरून कमाल ३६ महिन्यांवर आणला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि साठाव्या वर्षी निवृत्त होऊन त्यानंतर पॉलिसी घेणाऱ्यास जुन्या आजारासाठी त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत थांबावे लागू शकते. तीच पॉलिसी छप्पन्नाव्या-सत्तावन्नाव्या वर्षी घेतली, तर कंपनीचा विमा चालू असतानाच प्रतीक्षाकाळ सरून जातो आणि निवृत्तीच्या दिवशी हाती परिपक्व पॉलिसी असते. नोकरीत असताना दोन विमे कशाला, असे विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे.

ज्यांची ही वेळ टळली आहे, त्यांनी नोकरी सोडण्यापूर्वी कार्यालयात एक चौकशी अवश्य करावी. सामूहिक विमा ज्या कंपनीचा आहे, त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची तरतूद नियमांत आहे. कंपनी वैद्यकीय तपासणी मागू शकते, हप्ताही वाढेल, परंतु सामूहिक विम्यात घालवलेल्या वर्षांचे श्रेय प्रतीक्षाकाळात मिळू शकते. हा अर्ज नोकरी चालू असतानाच करणे हिताचे आहे. एकदा खंड पडला की हे श्रेय गमावले जाते.

वयाचे कारण सांगून आता दार पूर्वीसारखे बंद केले जात नाही, हेही लक्षात घ्यावे. पूर्वीच्या नियमांत कंपन्यांवर पासष्ट वर्षांपर्यंतच्या व्यक्तींना पॉलिसी उपलब्ध करून देण्याचे बंधन होते. २०२४ च्या नियमांनी सर्व वयोगटांसाठी पॉलिसी असाव्यात, असे ठरवले. अर्थात पॉलिसी उपलब्ध असणे आणि ती परवडणे या भिन्न गोष्टी आहेत.

हप्त्याचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला. फॅमिली फ्लोटर आणि ज्येष्ठांच्या पॉलिसींचाही त्यात समावेश आहे. सामूहिक पॉलिसींना मात्र ही सवलत देण्यात आली नाही. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा अधिक वाढवण्यापूर्वी कंपन्यांनी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा, असा आदेश काढला. दोन्ही निर्णय दिलासा देणारे आहेत. परंतु दरवर्षी १० टक्के वाढ झाली तरी सात-आठ वर्षांत हप्ता दुप्पट होतो. तेव्हा पॉलिसी निवडताना साठाव्या वर्षीचा हप्ता परवडतो का, एवढेच पाहून चालत नाही. सत्तराव्या वर्षी, ठेवींवरील व्याज आणि निवृत्तिवेतन यांतून तो भरता येईल का, हे पाहावे. मोठी मूळ पॉलिसी घेऊन ती पाच वर्षांनी सोडून देण्यापेक्षा मध्यम मूळ पॉलिसी व तिच्यावर सुपर टॉप-अप ही जोडणी अनेकांना अखेरपर्यंत पेलता येईल, असे आम्हांस वाटते. जुन्या कररचनेनुसार विवरणपत्र भरणाऱ्या ज्येष्ठांना आरोग्यविम्याच्या हप्त्यावर ५० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या कररचनेत ती मिळत नाही.

बारीक अक्षरांतील अटी

विमारकमेचा आकडा मोठा असूनही दावा अपुरा मिळतो, याची कारणे बहुधा अटींत असतात. पहिली अट खोलीभाड्याची. पॉलिसीत दिवसाला ५ हजार रुपयांची मर्यादा असताना १० हजारांची खोली घेतली, तर केवळ भाड्याचाच फरक सोसावा लागत नाही. डॉक्टरांचे व शस्त्रक्रियागृहाचे शुल्कही त्याच प्रमाणात निम्म्यावर येऊ शकते. दुसरी अट सहभागाची, म्हणजे को-पेमेंटची. ज्येष्ठांच्या पॉलिसीत ती हमखास आढळते. २० टक्के को-पेमेंट असेल, तर ६ लाखांच्या बिलातील १ लाख २० हजार रुपये आपणांस भरावे लागतात. मूळ आणि पूरक पॉलिसी वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील, तर या अटी जुळतात की नाही, हेही तपासावे. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती वाचून नापसंत वाटल्यास परत करता येते. हे ३० दिवस कपाटात घालवू नयेत.

एका गोष्टीवर आम्ही विशेष भर देऊ इच्छितो. अर्ज भरताना मधुमेह किंवा रक्तदाब लपवण्याचा सल्ला काही वेळा एजंटच देतात. हप्ता कमी होईल, असे आमिष असते. हे नीतीला धरून नाहीच, शिवाय ते व्यवहारातही नुकसानीचे आहे. रुग्णालयाच्या कागदपत्रांत ‘गेली दहा वर्षे मधुमेह’ अशी नोंद डॉक्टर करतातच, आणि तीच नोंद दावा नाकारण्याचे कारण ठरते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर माहिती न दिल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. मात्र फसवणूक सिद्ध झाल्यास हे संरक्षणही उरत नाही. सत्य सांगून वाढीव हप्ता भरणे हाच अखेरीस स्वस्त मार्ग आहे. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकिलाचीही गरज नाही.

शासकीय योजनांचा आधार

खाजगी विम्याचा विचार करताना शासनाच्या योजनांकडे दुर्लक्ष करण्याची सवय मध्यमवर्गाने आता सोडावयास हवी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले. त्यासाठी आधार कार्डाच्या साह्याने ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढावे लागते. या योजनेत जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ नाही. खाजगी विमा असलेल्यांनाही ते कार्ड मिळते. पती व पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ५ लाखांची रक्कम दोघांत मिळून असते. केंद्र सरकारच्या सीजीएचएस योजनेचा किंवा माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचा लाभ घेणाऱ्यांना मात्र दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्तीही अलीकडच्या काळात शुभ्र शिधापत्रिकाधारकांपर्यंत वाढवण्यात आली आहे.

तथापि हे लाभ योजनेशी संलग्न असलेल्या रुग्णालयांतच आणि ठरलेल्या उपचारांनाच मिळतात. आपण नेहमी जातो ते रुग्णालय यादीत आहे का, याची चौकशी आजारी पडण्यापूर्वी करावयास हवी. शासकीय योजना हा एक भक्कम थर आहे, पण तो एकमेव थर समजू नये.

येथे धोरणातील एक उणीव स्पष्टपणे मांडावीशी वाटते. खाजगी नोकरदार अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी निवृत्त होतो, आणि केंद्राचे सार्वत्रिक छत्र सत्तराव्या वर्षी उघडते. मधली दहा-बारा वर्षे त्याने काय करावे? संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२५ मध्ये ही वयोमर्यादा साठवर आणण्याची शिफारस केली. ती शिफारस न्याय्य आहे. वृद्धांची सेवा ही केवळ त्यांच्या मुलांची खाजगी जबाबदारी नाही, ती समाजाचीही आहे.

धर्मग्रामांनी काय करावे?

प्रत्येक धर्मग्रामात ज्येष्ठांचा गट आहे. निवृत्त बँक कर्मचारी आहेत, विम्याची जाण असलेले तरुण आहेत. वर्षातून दोन रविवार मिस्सेनंतर सभागृहात टेबल मांडून वय वंदना कार्डासाठी साह्य करणे, जुन्या पॉलिसींच्या अटी वाचून दाखवणे, एवढे काम मोठ्या खर्चाशिवाय होऊ शकते. विशेषतः विधवा भगिनींकडे लक्ष द्यावे. पतीच्या नोकरीमुळे मिळालेला विमा त्याच्यामागे चालू आहे की बंद पडला, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

वाचकांना आमची विनंती एवढीच, की या आठवड्यात घरातील पॉलिसीचा कागद बाहेर काढावा आणि पति-पत्नींनी तो एकत्र बसून वाचावा. मूळ विमा किती, पूरक विमा कितीपासून सुरू होतो, आणि त्यांच्यामध्ये खड्डा आहे का, हे तीन आकडे एका कागदावर लिहून तो आधार कार्डासोबत ठेवावा. नूतनीकरणाची तारीखही त्यावर लिहावी. रात्री-अपरात्री रुग्णालयात धावपळ करावी लागली, तर हाच कागद मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या हाती देता येईल.