पोथी एका कपाटात नको, चार ठिकाणी हवी

ऑक्टोबर १५७९मध्ये गोव्याच्या बंदरात उतरलेल्या एका इंग्रजाने १० नोव्हेंबरला आपल्या वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. लिस्बनहून निघाल्यापासूनची सगळी हकिकत त्यात आहे. हिरड्या सुजून आजारी पडलेली माणसे आहेत, आफ्रिकेच्या टोकाचा खवळलेला समुद्र आहे. किनारा जवळ आल्याच्या खुणाही त्याने क्रमाने सांगितल्या आहेत: आधी हिंदुस्थानचे म्हणून ओळखीचे पक्षी, मग वाहत आलेल्या माडाच्या झावळ्या, मग पाण्यावर पोहणारे साप. आमच्या सिंधुदुर्गातल्या दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या कुणालाही यातली एकही खूण समजावून सांगावी लागणार नाही. शहाळे आणि माडीचाही उल्लेख करायला हा गृहस्थ विसरलेला नाही.

हे थॉमस स्टीफन्स, म्हणजेच आपले फादर स्टीफन्स. त्यांचे पत्र हॅक्लुटच्या प्रवाससंग्रहात १५८९मध्ये इंग्लंडात छापले गेले. ते मात्र परत गेले नाहीत. साष्टीत राहून इथली भाषा शिकले आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. १६१६मध्ये ते राचोलला रोमन लिपीत छापले गेले, कारण देवनागरीचे खिळे तिथल्या छापखान्यात नव्हते. मराठी भाषेचे कौतुक करणाऱ्या त्यांच्या ओव्या दर वर्षी २७ फेब्रुवारीला भाषणांतून ऐकू येतात. मी मराठीचा मास्तर. शाळेतल्या भाषणांत मीही त्या म्हटल्या आहेत.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते पुढचे. हे पुस्तक १६१६, १६४९ आणि १६५४ अशी तीनदा छापले गेले. त्या तिन्ही छपायांतली एकही प्रत आज कुणाच्या हाती लागलेली नाही. छापखाना धर्मसंस्थेचा, छापायला परवानगीही तिचीच, तरीही ही गत. १६८४मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. मग दमट हवा आणि वाळवी होतीच.

पुराण टिकले ते हातांनी उतरवलेल्या नकलांमुळे. ते वाचणारी, गाणारी कुटुंबे दक्षिणेला मंगळूरच्या बाजूला गेली आणि तिथेही नकला होत राहिल्या. तशा हस्तलिखितांवरून १९०७मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. देवनागरीतली एक प्रत लंडनला मार्सडेन संग्रहात सापडली.

‘परधर्माच्या प्रचाराचे पुस्तक आपल्याला कशाला?’ असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोव्यातल्या धर्मांतराचा इतिहास सुरू होतो आणि त्या काळात जीव नि देव घेऊन अलीकडे आलेली घराणी आपल्या जिल्ह्यात आहेत. पण प्रचारासाठीसुद्धा त्या परक्या माणसाला ओवीच हाती घ्यावी लागली. पोथी वाचल्याशिवाय इथल्या लोकांचा दिवस जात नाही, हे त्याला कळले होते.

आज आपल्याच पोथ्यांचे काय चालले आहे? सिंधुदुर्गातल्या जुन्या घरांत माळ्यावर तांबड्या फडक्यात बांधलेले ग्रंथ आहेत, मोडीतली दप्तरे आहेत, भजनी बुवांच्या गजरांच्या वह्या आहेत. त्यांना दर चतुर्थीला हळदकुंकू लागते, पण गाठ सुटत नाही. ‘हात लावू नको, आजोबांचा हा,’ एवढ्यावर जपणूक संपते. वाचनालयांतही दुर्मीळ पुस्तक म्हणजे कुलपातले पुस्तक. अशा एकुलत्या एका प्रतीला आपल्याकडचा एकच पावसाळा पुरतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्हा परिषदेने आणि ग्रंथालयांनी मिळून मार्च ते मे या कोरड्या दिवसांत गावोगावी फिरावे. पोथी घरमालकाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच ओटीवर उघडावी, पानापानाचा फोटो काढावा आणि लगेच त्याच्या हातात परत द्यावी. ती कुणाकडून मागून नेऊ नये. एकदा गेलेली वस्तू परत येत नाही, हा गावाचा अनुभव आहे आणि लोक त्यालाच भितात. फोटोंची एक प्रत घरात, एक तालुक्याच्या वाचनालयात, एक विद्यापीठात आणि एक कुणालाही पाहता येईल अशी इंटरनेटवर असावी. मोडी वाचणारे चार जण आज आहेत, तोवर त्यांच्यासोबत कॉलेजची मुले बसवावीत.

याला नवी इमारत लागत नाही, उद्घाटनही लागत नाही. चांगला मोबाइल आणि चिकाटीची दोन माणसे लागतात. ‘ख्रिस्तपुराणा’च्या मागे छापखाना आणि धर्मसंस्था दोन्ही असून छापील प्रती गेल्या. आपल्या वह्यांच्या मागे तर कुणीच नाही. त्यांची नकल आपणच काढायची आहे, आणि ती या पावसाआधी.