जाताना काय नेले, काय ठेवले?

शनिवार पेठेत राहणाऱ्याला परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापुढे पाठीला पिशवी अडकवून उभी असलेली गोरी मुले-मुली आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यात नुसते प्रवासी पुष्कळ, पण काही जण चार-सहा महिने पुण्यात राहून अभ्यास करायला आलेले असतात. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील काही महाविद्यालयांनी मिळून १९६९ साली असा एक अभ्यासक्रम पुण्यात सुरू केला आणि तो पुढे अनेक वर्षे चालला. मुले इथल्या घरांत राहायची, मराठी शिकायची, वरणभात खायची आणि एखादा विषय निवडून त्यावर शोधनिबंध लिहायची. याला संशोधनाची देवाणघेवाण म्हणतात. यात देवाण किती झाली आणि घेवाण किती, हे कळते ते मुक्कामाच्या शेवटच्या पंधरा दिवसांत. म्हणून आज त्या पंधरा दिवसांविषयीच लिहायचे आम्ही ठरवले आहे.

या दिवसांत एकीकडे निबंध पुरा करण्याची धांदल असते आणि दुसरीकडे राहिलेली ठिकाणे पाहण्याची घाई. लक्ष्मी रोडवर खरेदी, तुळशीबागेत बांगड्या, केळकर संग्रहालय, पर्वती, फोटो आणि शेवटी ज्या घरी राहिले तिथल्या आईच्या डोळ्यांत पाणी. यात वाईट काही नाही. पण पुणे म्हणून त्यांना जे दाखवले जाते ते कोणाचे पुणे? शनिवारवाड्याचे काम १७३० मध्ये सुरू झाले आणि १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला, हे वाटाड्या न चुकता सांगतो. तिथून दहा मिनिटे चालले की बुधवार पेठेत भिडेवाड्याची जागा लागते. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. जुनी मोडकळीला आलेली इमारत राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली. पाहुण्यांची गाडी या रस्त्यावरून जाते ती दगडूशेठच्या गणपतीला. पर्वतीवर नेतात ते पेशव्यांचे देवस्थान म्हणून. याच पर्वतीवर १३ ऑक्टोबर १९२९ रोजी आपल्या माणसांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह केला, शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज पुढे होते आणि सत्याग्रहींवर दगड पडले, हे कोण सांगणार? देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. पुण्याहून लोकलने जाता येते, पण तीही यादीत नसते. आमच्यापैकी कोणी पुढे होऊन नेल्याशिवाय ती यादीत येणारही नाही.

आता दुसरी बाजू. अभ्यासक आमच्या वस्त्यांतही येतात. पूर्वी टेपरेकॉर्डर असायचा, आता मोबाईल असतो. आजी १९५६ च्या दीक्षेची आठवण सांगते, गावकीची कामे कशी सोडली ते सांगते, घरात साखर असो नसो, चहा करते. शेवटच्या आठवड्यात पाहुणी येऊन आजीला मिठी मारते, फोटो काढते, “जयभीम” म्हणते आणि जाते. पुढे निबंध होतो, पदवी मिळते, कधी पुस्तकही निघते. आजीला मात्र आपण काय सांगितले आणि त्याचे काय झाले हे कधीच कळत नाही. आम्ही कारकून माणसे. आम्हाला आवक-जावक नोंदवहीची सवय. वस्तीच्या नोंदवहीत जावक भरपूर आणि आवकच्या रकान्यात काही नाही, असे पान आम्हाला पाहवत नाही.

सगळेच असे वागले असे नाही. प्रा. एलिनॉर झेलियट यांनी १९६० च्या दशकात इथे येऊन बाबासाहेबांच्या चळवळीवर संशोधन केले, ज्या काळी आपल्याच विद्यापीठांना तो विषय वाटत नव्हता. १९६९ मध्ये त्यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. तिथे त्यांचा पुण्याशी संबंध संपायला हवा होता, तो संपला नाही. पुढे कितीतरी वर्षे त्या येत राहिल्या, आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आल्या, दलित साहित्य इंग्रजीत नेले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या मिनेसोटातील कार्लटन महाविद्यालयात शिकवत. गेलताई ऑम्वेट याच महाविद्यालयातून शिकून निघाल्या होत्या. त्या सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहायला महाराष्ट्रात आल्या. त्यांनी तर परतीचा निरोपच घेतला नाही. १९८३ मध्ये भारताचे नागरिकत्व घेतले आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावात संसार केला. तिथेच २०२१ मध्ये त्या गेल्या. त्यांचा प्रबंध मराठीतही आला, त्यामुळे ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्या नातवंडांना तो वाचता येतो. प्रत्येकाने इथेच राहावे असे आमचे म्हणणे नाही. निबंधाची मराठीतली चार पाने आली तरी वस्तीला पुरेत.

परक्यांना हे सांगताना आपल्या मुलांचेही बोलले पाहिजे, कारण आता तीही मोठ्या संख्येने बाहेर जातात. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या परदेश शिष्यवृत्तीवर अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी पाठवण्याची तरतूद आहे. या मुलांनी बाबासाहेबांचे शिक्षण वाचलेले असते, पण त्यांचे परदेशातले शेवटचे दिवस फारसे कोणी बारकाईने पाहत नाही.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला. पुढच्या महिन्यात प्रबंध सादर केला. तिथले प्राध्यापक आणि विद्यार्थी यांनी त्यांच्या गौरवासाठी मेजवानी दिली, असे धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. आणि खरेदी? न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात हिंडून सुमारे दोन हजार जुनी पुस्तके. ती मायदेशी नेण्यासाठी एका मित्राच्या हवाली केली, त्यातली थोडीच हाती लागली. हे वाचताना आमच्या जिवाला आजही चुटपूट लागते. पोटाला चिमटा काढून घेतलेली ती पुस्तके होती.

तिथून ते लंडनला गेले आणि अभ्यास रंगात आला असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. प्रबंध अर्धा, बॅरिस्टरी अर्धी. त्या शेवटच्या दिवसांत त्यांनी सर्वांत महत्त्वाचे काम केले. प्रा. एडविन कॅनन यांच्या मदतीने, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. दार बंद होऊ दिले नाही. महायुद्ध चालू होते. सामान थॉमस कुक कंपनीमार्फत वेगळ्या बोटीने पाठवले आणि स्वतः मार्सेलिसहून ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने निघाले. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला उतरले. सामानाची बोट पाणतीराने बुडाली होती. भरपाईचे जे पैसे आले त्यांतूनच बडोद्याला जाण्याचा खर्च भागला. बडोद्यात काय वाट्याला आले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे.

पुस्तके बुडाली, पण एक गोष्ट बोटीच्या आधीच पोहोचली होती. तो जातींवरचा निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला होता. म्हणजे माणूस ऑगस्टमध्ये आला आणि त्याचे संशोधन तीन महिने आधी देशात हजर होते. पुढे १९२० मध्ये ते लंडनला परत गेले आणि अर्धे राहिलेले पुरे केले. कॅनन यांनी १९२३ मध्ये त्यांच्या रुपयावरच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, ते पुस्तक बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केले. १९२५ च्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव महाराजांना कृतज्ञतेने अर्पण केला आहे. कोलंबियाची डॉक्टरेट हाती पडली ती १९२७ मध्ये, विद्यापीठ सोडल्यावर अकरा वर्षांनी.

लंडनला असलेल्या मुलांनी जाण्याआधी किंग हेन्री रोडवरचे १० क्रमांकाचे घर जरूर पाहावे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेऊन स्मारक केले. न्यूयॉर्कला असाल तर कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयातला त्यांचा अर्धपुतळा पाहा. फोटो काढाच, घरी आईला दाखवायला हवा. पण त्याच दिवसांत आपल्या प्राध्यापकांना भेटून अर्धवट राहिलेल्या कामाचे पुढे काय ते विचारून घ्या, गुणपत्रके आणि दाखले हातात घ्या, ग्रंथालयाची पुस्तके परत करून तशी पावती मागा. एकदा विमानात बसल्यावर एका कागदासाठी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो.

आईवडिलांना, काकामामांना एक विनंती. मुलगी परत येणार म्हटले की अत्तर, चॉकलेट, घड्याळ अशी यादी तिच्याकडे जाते. विमानात वजनाची मर्यादा असते. यादीतली चार नावे कमी करा आणि ती जागा तिच्या पुस्तकांना द्या. आल्यावर पहिल्या रविवारी विहारात वंदना झाली की तिला अर्धा तास बोलू द्या, मराठीत, प्रश्नोत्तरांसह. सत्कार, शाल आणि नारळ नंतर. तिने निबंधाची एक प्रत आणि मराठी सारांश विहाराच्या कपाटात ठेवावा. ज्या आजीची मुलाखत घेतली असेल तिच्या घरी जाऊन तो वाचून दाखवावा. आजी एखादी दुरुस्ती सांगेल, ती त्याच कागदावर लिहून घ्यावी.