पहिल्या रायफलची नळी

२०२४ च्या १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि फ्रीगंजातील माझ्या दवाखान्यात एक नवाच प्रश्न येऊ लागला. गुडघा दाखवायला आलेले गृहस्थ निघता निघता विचारतात, "डॉक्टरसाहेब, मुलासाठी रायफल बांधून घ्यायची आहे. नळी कोणती घ्यावी?" विद्यार्थिदशेत एन.सी.सी.त .२२ ची रायफल चालवली होती, त्यापलीकडे या विषयात माझा अधिकार तो काय! परंतु घरातच एक चूक करून बसल्यामुळे या विषयावर दोन शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझा पुतण्या एअर रायफलवरून ५० मीटरच्या रायफलकडे वळला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. जाड आणि लांब नळी म्हणजे अचूक नळी, हा माझा ठाम समज. आणि काकांचा शब्द कोण मोडणार? वर्षभरात त्याचे गुण होते तेथेच राहिले, मात्र कंबर धरू लागली. उभ्या स्थितीत नेमबाज धड मागे झुकवून व किंचित पिळवटून रायफलचे वजन तोलतो. नळी जड झाली की भार पुढे सरकतो आणि तो सावरण्यासाठी पाठ अधिक मागे जाते. नियमाने या प्रकारात रायफल ८ किलोपर्यंत असू शकते. म्हणून ती ८ किलोची असलीच पाहिजे असे नव्हे. आयुष्यभर लोकांचे मणके तपासणाऱ्या माणसाला हे आधी सुचू नये, याचे मला आजही वैषम्य वाटते.

लांबीबद्दलचा माझा समजही असाच पोकळ निघाला. .२२ च्या काडतुसातील दारू नळीच्या पहिल्या चाळीस-पन्नास सेंटिमीटरमध्येच आपले काम संपवते. पुढची नळी गोळीला फक्त घर्षण देते. पुढची माशी दूर असली की नेम बारकाईने दिसतो हे खरे, पण तेवढ्यासाठी नळीच्या तोंडावर पोकळ नळकांडे बसवण्याची सोय असते.

नळीच्या आतील खाचांच्या पिळाबद्दलही बरीच चर्चा होते. मोठ्या बोअरच्या रायफलमध्ये तिला अर्थ आहे, कारण तेथे गोळ्यांची वजने नाना प्रकारची आणि लांब गोळीला अधिक घट्ट पीळ लागतो. आल्फ्रेड ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने १८७९ मध्येच त्याचे सूत्र मांडले. .२२ ची गोळी मात्र जवळपास एकाच मापाची, सुमारे २.६ ग्रॅमची, तिच्यासाठी सोळा इंचांत एक फेरा हा पीळ रूढ आहे आणि ग्रीनहिलचे सूत्रही साधारण तेथेच आणून सोडते. पहिली रायफल घेणाऱ्याने त्यात डोके शिणवू नये.

मग पाहावे काय? नळी आणि काडतूस यांचे जमते की नाही, एवढेच. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेल्या दोन नळ्यांना काडतुसांचे वेगवेगळे लॉट मानवतात. एकच औषध दोन रुग्णांना सारखे लागू पडत नाही, हे आपल्याला नवे नाही. एली, लापुआ यांसारख्या कंपन्यांच्या चाचणी-केंद्रांत नळी शिकंजात घट्ट आवळून ५० मीटरवर एकेका लॉटच्या गोळ्या झाडतात आणि छिद्रांचा घेर मोजतात. ५० मीटरवरील दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. घेर त्यात आरामात मावणार नसेल, तर नळीवरचे नाव कितीही मोठे असो, उपयोग शून्य. कसलेले नेमबाज आवडलेल्या लॉटची काडतुसे एकदम साठवतात ती यासाठीच. नळीचे तोंड मात्र अवश्य न्याहाळावे. गोळी शेवटचा स्पर्श तेथे करते, आणि पुढून सळई घालून निष्काळजीपणे साफ केलेल्या नळीची कड झिजलेली असते.

'बांधून घेणे' या शब्दाबद्दलही एक इशारा. परदेशी मासिके वाचून आपली मुले घरच्या घरी नळी बदलण्याच्या गोष्टी करतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राचा सुटा भागदेखील शस्त्रच ठरतो, जुळणीला परवाना लागतो आणि नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो. हे काम परवानाधारक कारागिराचे आहे, गॅरेजमधल्या लेथचे नव्हे.

आणि या कायद्याचा एक धागा थेट आपल्या हाती आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याच्या अर्जासोबत अर्जदाराच्या शारीरिक व मानसिक आरोग्याचे, तसेच तो व्यसनाधीन नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ओळखीच्या घरचा मुलगा, वडील बरोबर आलेले, चहा मागवलेला, आणि आपण पाच मिनिटांत सही करतो. मीही केली आहे. मुलाची झोप कशी आहे, परीक्षेत अपयश आले तेव्हा तो कसा वागला, घरात शस्त्र कोठे आणि कोणाच्या किल्लीत राहणार, हे त्याला एकट्याला बसवून विचारल्याखेरीज आपण सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संबंध दुखावतील, दुखावू द्यावेत.

पैशांचे म्हणाल, तर पहिल्या रायफलला कारखान्याची मूळ नळीच ठेवावी आणि वाचलेली रक्कम काडतुसे व प्रशिक्षक यांवर खर्चावी. .२२ ची नळी हजारो गोळ्या सहज सोसते. ती झिजण्याआधी मुलाची आवड टिकते की नाही ते कळतेच. खरगोन जिल्ह्याचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या राज्य अकादमीत घडला, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कुसाळेसोबत सांघिक सुवर्णपदकाचा मानकरी झाला. भोपाळ आपल्यापासून चार तासांच्या आत आहे. नळीसाठी जर्मनीला पत्र लिहिण्याआधी मुलाला तेथे एकदा नेऊन आणावे.

पुतण्याची जड नळी आम्ही उतरवली. जुनीच नळी परवानाधारक कारागिराकडून पुन्हा बसवून घेतली, चार लॉटची काडतुसे आणली आणि प्रत्येक लॉटचा घेर एका वहीत टिपला. तिसऱ्या लॉटवर त्याने लाल पेन्सिलीने गोल केला आहे. कंबरेचे व्यायाम अजून चालू आहेत.