चिप देशी झाली, कंपायलरचं काय?

२०२२ मध्ये केंद्राने रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्यावर देशी चिप बनवण्याचा कार्यक्रम जाहीर केला. आयआयटी मद्रासची ‘शक्ती’, सी-डॅकची ‘वेगा’ त्यातल्याच. पण तुमचा सी भाषेतला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा सूचनांमध्ये बदलतो तो कंपायलर. चिपची भाषा बदलली की कंपायलरचा तेवढा भाग पुन्हा लिहावा लागतो. हेच पोर्टिंग.

याला कारखाना लागत नाही. सांगलीच्या वालचंद कॉलेजात विद्यार्थ्यांचा लिनक्स ग्रुप आहेच. साताऱ्याची मुलं जोडली गेली तर? मात्र नवा कंपायलर लिहायला बसू नये. जीसीसीत रिस्क-फाइव्ह २०१७ पासून आहे. त्याच्या चाचण्या चालवायच्या, नापास होणाऱ्या वाटून घ्यायच्या. अडचण वेळेची: पॅच स्वीकारला जायला महिने लागू शकतात, आणि तेवढ्यात सेमिस्टर संपतं.