शेजारधर्म कोणाकोणासाठी?

पुण्याच्या बुधवार पेठेला दोन ओळखी आहेत. पहिली आपण अभिमानाने सांगतो: १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी जेथे मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा याच पेठेत होता. दुसरी ओळख आपण खालच्या आवाजात सांगतो. भिडेवाड्याच्या जागेपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर ज्या गल्ल्यांत शेकडो स्त्रिया देहविक्रयावर पोट भरतात, त्या गल्ल्यांविषयी बोलताना सभ्य पुणेकर ‘तो भाग’ एवढेच म्हणतो. भिडेवाड्याची जीर्ण वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आली. स्मारक व्हायलाच हवे. पण ज्या दांपत्याचे ते स्मारक, त्यांनी १८६३ साली याच शहरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि अडचणीत सापडलेल्या विधवांनी निर्धास्तपणे येऊन बाळंत व्हावे असे जाहीरपणे सांगितले. आलेल्या बाईच्या चारित्र्याची चौकशी न करता तिच्या गरजेची चौकशी करावयाची, हा त्या कार्याचा गाभा होता. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपण ‘त्या भागा’विषयी आजवर काय केले, हा प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे.

हा प्रश्न आता एका पेठेपुरता राहिलेला नाही. पुणे स्टेशन, स्वारगेट अशा गर्दीच्या परिसरांत रस्त्यावर उभे राहून गिऱ्हाईक शोधणाऱ्या स्त्रिया आहेत आणि त्यांच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांच्या तक्रारीही आहेत. तक्रारी खोट्या नाहीत. रात्री दारू पिऊन घातलेला गोंधळ, जिन्यात पडलेल्या बाटल्या, कामावरून परतणाऱ्या मुलीपाशी थांबणारी मोटारसायकल, यांचा त्रास होणाऱ्या माणसाला ‘प्रतिगामी’ म्हणून मोकळे होणे हा आळस आहे. तथापि या त्रासावर एकच उपाय ठाऊक असल्यासारखे आपण वागतो: सह्या गोळा करावयाच्या, निवेदन द्यावयाचे आणि ‘त्यांना येथून हटवा’ अशी मागणी करावयाची.

असे एक निवेदन सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतूनही गेले होते. कोपऱ्यावर चार-पाच स्त्रिया उभ्या राहत. मी प्राध्यापक, म्हणून मसुद्याची भाषा तपासण्याचे काम माझ्याकडे आले. मी ‘घाण’ हा शब्द काढून ‘अनिष्ट प्रकार’ असा शब्द घातला आणि सही केली. पंधरवड्यात कोपरा मोकळा झाला. पुढे कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून कळले की त्या स्त्रिया कालव्याकडेच्या बंद गोदामांमागे उभ्या राहू लागल्या होत्या. तेथे दिवा नव्हता, वर्दळही नव्हती. त्यांपैकी एकीला दोन गिऱ्हाइकांनी बेदम मारले तेव्हा हाक ऐकायला कोणी नव्हते. आमच्या कोपऱ्यावर असती तर निदान पानवाला धावला असता. त्या निवेदनावर चर्चा झाली होती, पण ती आमच्या आमच्यात. जिच्याविषयी निर्णय घ्यावयाचा तिला बोलवावे, हे दहा सुशिक्षितांपैकी एकालाही सुचले नाही, आणि त्या दहांत मी होतो.

हटवल्याने काय होते याची उदाहरणे दूर नाहीत. गोव्यात वास्कोजवळच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती जून २००४ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, जमीनदोस्त केली गेली आणि स्त्रिया पांगल्या. नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीचे रस्ते ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी कठडे लावून बंद केले. परदेशातला धडा याहून कठोर आहे. कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या वेस्ट एंड भागातून, रहिवाशांच्या मोहिमेनंतर, १९८४ साली न्यायालयाच्या मनाईहुकुमाने अशा स्त्रियांना घालवण्यात आले. त्या शहराच्या पूर्वेकडील निर्जन भागांकडे सरकल्या. पुढील वर्षांत त्या शहरातून अनेक स्त्रिया बेपत्ता झाल्या, कित्येकींचे खून झाले. याची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१२ च्या अहवालात पोलिसी अनास्थेवर बोट ठेवले. २०१६ मध्ये त्याच वेस्ट एंडमध्ये हुसकावलेल्या स्त्रियांचे स्मारक उभारण्यात आले. बत्तीस वर्षांनी स्मारक बांधण्यापेक्षा वेळेवर एक बैठक बोलावणे स्वस्तही असते आणि माणुसकीचेही.

कायद्याविषयी वस्त्यांमध्ये मोठे अज्ञान आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने प्रौढ स्त्रीचा देहविक्रय हा स्वतःहून गुन्हा ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये हे स्पष्ट केले आहे. कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या देहविक्रयावर जगणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाइकाला खुणावणे हे गुन्हे आहेत. परंतु याच कायद्याचे सातवे कलम पाहावे. प्रार्थनास्थळ, शिक्षणसंस्था, रुग्णालय यांपासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवसाय करणे शिक्षापात्र आहे. पुण्याच्या कोणत्याही पेठेच्या नकाशावर प्रत्येक देवळाभोवती असे वर्तुळ काढून पाहा, कोरी जागा शिल्लक राहणार नाही. म्हणजे ज्याला कायदा गुन्हा म्हणत नाही, ते करण्यासाठी तो पायाखाली जमीनही ठेवत नाही. आठव्या कलमात तर खुणावणाऱ्या स्त्रीला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाच गुन्हा पुरुषाने केला तर कमाल तीन महिने. अशा कायद्याच्या छायेत हप्ता घेणाऱ्याचे फावते, यात आश्चर्य ते काय?

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे, निरोध जवळ असणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, वृत्तपत्रांनी त्यांची ओळख उघड करू नये आणि त्यांना आधार कार्ड मिळावे असे सांगितले. करोनाच्या काळात महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी त्यांना दरमहा ५,००० रुपये आणि शाळकरी मुले असलेल्यांना आणखी २,५०० रुपये देण्याचे ठरवले. न्यायालयाने त्यांना नागरिक म्हटले, शासनाने निदान तीन महिने तसे मानले. शेजाऱ्यांनी मात्र अजून मानलेले नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे आणखी एक गोष्ट दिसते. या गल्ल्यांतून जाणारा पैसा त्या स्त्रियांच्या हाती फार थोडा राहतो. खोलीचे वाजवीपेक्षा जास्त भाडे, सावकाराचे व्याज, मालकिणीचा वाटा आणि हप्ता यांतच तो जिरतो. दुसरीकडे, मध्यवस्तीतील जमिनीचे मोल वाढतेच आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली, कसबा पेठ आणि मंडई ही स्थानके पेठांच्या पोटात आली. उद्या या गल्ल्या ‘स्वच्छ’ करण्याची हाक उठली तर ती नीतीच्या नावाने उठेल. पण तिच्यामागे चौरस फुटाचा भाव नाही ना, हे आपण तपासले पाहिजे. मोकळ्या झालेल्या जागेचा लाभ एकाला मिळतो आणि हटवण्याची किंमत दुसऱ्या, अधिक गरीब वस्तीच्या दारात जाऊन पडते.

आपल्याच काही सहकाऱ्यांचा आक्षेप निराळा आहे. देहविक्रय हे शोषण आहे. संवादाच्या नावाखाली आपण त्याला प्रतिष्ठा देणार काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. दारिद्र्य, जात, नवऱ्याने टाकणे आणि फसवणूक या वाटांनी किती जणी तेथे आल्या, हे कोणी विसरू नये. अल्पवयीन मुलगी किंवा जबरदस्तीने डांबलेली स्त्री हा चर्चेचा विषयच नाही. तेथे विनाविलंब पोलीस आणि १०९८ ही बालकांची मदतवाहिनी, एवढेच उत्तर. परंतु शोषितालाच हुसकावून शोषण संपल्याचे उदाहरण मला माहीत नाही. हमालीत शोषण होते म्हणून आपण हमालांना बाजारातून हाकलले नाही. हमाल पंचायत उभी केली, माथाडी कायदा आणला. १९९३ साली याच पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली तेव्हा कचरा वेचणारी बाई अनेक सोसायट्यांच्या लेखी चोर होती. संघटना उभी राहिली, ओळखपत्र आले, आणि त्याच सोसायट्यांचे जिने तिच्यासाठी उघडले. सांगलीत १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद काम करते. समाजाने शिवी म्हणून दिलेला शब्द त्या स्त्रियांनी आपल्या संघटनेच्या नावात घेतला. बुधवार पेठेत सहेली संघ आहे. म्हणजे बोलण्यासाठी दुसरी बाजू केव्हाच संघटित होऊन बसली आहे, पहिली बाजू आलेली नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? प्रथम सभा भरवू नये. दहा-बारा घरांत जाऊन तक्रारी ऐकाव्यात, आणि स्वतंत्रपणे, संघटनेच्या मार्फत, त्या स्त्रियांच्याही ऐकाव्यात. त्यांच्या तक्रारी बहुधा त्याच निघतील: दारुडे, अंधार, बंद शौचालय. मग लहान बैठक घ्यावी, वीस माणसांहून मोठी नको. जागा महापालिकेच्या शाळेची किंवा वाचनालयाची असावी. पोलीस चौकी, देऊळ आणि पक्षाचे कार्यालय टाळावे. वेळ दुपारची, कारण संध्याकाळी त्यांचे काम असते. फोटो नाहीत, आडनावे नाहीत, पत्रकार नाहीत. ‘अहो ताई’ म्हणावे. ‘तू या धंद्यात कशी आलीस?’ असे कोणीही विचारू नये. घरी आलेल्या पाहुण्याचा पगार आपण विचारत नाही, मग हिचे दुःख का उकरावे? तक्रार कृतीची असावी, व्यक्तीची नको: काय घडले, केव्हा, कोठे. अध्यक्षस्थानी गल्लीतली एखादी वडीलधारी बाई असावी, पुढारी नको. ‘यांनी राहावे की जावे’ हा ठराव मतास टाकू नये. कोणाचे नागरिकत्व बहुमताने ठरत नसते. शेवटी तीन कामे कागदावर यावीत, प्रत्येकासमोर नाव आणि तारीख. क्षेत्रीय कार्यालयाकडे दिव्यासाठी जाताना दोन्हीकडच्या स्त्रिया बरोबर असाव्यात.

अशा एका बैठकीला मी गेल्या वर्षी बसलो होतो. पहिला अर्धा तास कोणी कोणाकडे पाहत नव्हते. मग एका गृहिणीने मुलीच्या शिकवणीची वेळ सांगितली आणि समोरच्या एकीने, त्या वेळी आम्ही कोपरा सोडून पलीकडे उभ्या राहू, असे आपणहून सांगितले. तिची स्वतःची मुलगी दहावीला होती. बैठकीने क्रांती झाली नाही. दोन कुटुंबे रागावून उठून गेली, शौचालय अजूनही रात्री नऊला बंद होते. पण दिवा लागला, आणि त्या वस्तीतून निवेदन गेले नाही.

समाजवाद्यांनी पाणवठे खुले करण्यासाठी गावोगाव पायपीट केली आहे. शहरातल्या या कोपऱ्यावर तेवढे चालावेही लागणार नाही. आपल्या प्रभागात असा प्रश्न असेल तर पुढचे निवेदन लिहिण्यापूर्वी त्या स्त्रियांना एकदा बैठकीला बोलवा. मी तीस वर्षांपूर्वी ते केले नाही. आपण करावे.